ओहोळाच्या दरडीत सापडलेला चक्री शंख: जीवाश्म की नुसताच जुना? (निफाड तालुका)

कादवाकाठ · रविवार, रात्री ९:५२

राम राम मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज कामासाठी लिहितोय.

राहायला नाशिकरोडला. मामाचा मळा निफाड तालुक्यात, कादवा नदीच्या अलीकडे. मळ्याच्या खालच्या अंगाला एक ओहोळ आहे. पावसाळ्यात दोन महिने माजतो, एरवी पाटाचं झिरपलेलं पाणी वाहतं तेवढंच. यंदाच्या पुरात त्याची एक दरड ढासळली आणि माणसापेक्षा उंच अशी कोरी करकरीत भिंत उघडी पडली. आज लेक (इयत्ता चौथी) त्या ढिगाऱ्यात खेळत होती, तिनं एक वस्तू आणली.

फोटो चढवायचा तीनदा प्रयत्न केला, दर वेळी चक्र फिरत बसतं. म्हणून वर्णन करतो. रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा लहान, चपटा, चकलीसारखा गोल गोल गुंडाळलेला. दोन्ही बाजूंनी मधे खोलगट. पांढराफटक, बोटाला खडूसारखी पूड लागते. तोंडात माती गच्च बसलीय आणि ती साधी माती नाही, खिळ्यानं उकरली तरी निघत नाही. लेकीनं कुठल्याशा चित्रांच्या पुस्तकात अमोनाइट पाहिलाय, त्यामुळे तिचा निकाल लागलेला आहे: डायनासोरच्या काळचा.

त्याच ढिगाऱ्यात आणखी मिळालं ते असं: स्क्रूसारखे लांबट टोकदार शंख सात-आठ, शिंपल्यांचे तुकडे, आणि पंख्यासारख्या उभ्या रेघा असलेला एक जाड तुकडा.

अडचण एकच. मामीनं चपटा शंख 'शाळिग्राम आहे' म्हणून हळदकुंकू लावून देवघरात ठेवलाय. तपासायचा तर परवानगी काढावी लागेल. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

टवाळ_कार्टं · रविवार, रात्री १०:०५

मामींच्या ताब्यात गेला म्हणजे आता तो स्वयंभू. विषय संपला. पुढच्या वर्षी जत्रा.

---

दगडधोंडे · रविवार, रात्री ११:३१

कादवाकाठ, वर्णन उत्तम केलंय, फोटोपेक्षा बरं. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहिली. ढिगाऱ्यात मिळाला म्हणजे दरडीच्या कुठल्या थरातून आला? वरच्या काळ्या मातीतून, मधल्या पिवळट पोयट्यातून की तळच्या खडीतून? हे कळल्याशिवाय मी काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

तरी एक शक्यता आजच बाद करता येते. नाशिकचा दगड म्हणजे काळा पाषाण, बेसॉल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यातून हा सगळा प्रदेश घडला. १६४६ मीटरचं कळसूबाईचं शिखरसुद्धा याच थरांचं. इथे त्या काळी समुद्र नव्हता, आणि वितळलेल्या दगडात शंख टिकत नाही. अमोनाइट हा समुद्रातला प्राणी. गंमत म्हणजे जगातले शेवटचे अमोनाइट संपले ते जवळपास त्याच सुमारास, जेव्हा आपल्याकडे लाव्हा वाहत होता. म्हणजे लेकीचा काळ फार चुकलेला नाही, जागा चुकली.

अमोनाइट हवेच असतील तर कच्छला जा, किंवा नर्मदेच्या खोऱ्यात मध्य प्रदेशातल्या बाघच्या बाजूला. निफाडला द्राक्षं.

---

नागपुरी_संत्रा · सोमवार, सकाळी ७:४८

दगडधोंडे भाऊ, 'लाव्हात शंख नाही' हे अर्धंच झालं. आमच्या नागपूरकडे या. दोन लाव्हांच्या मधे शांततेचा काळ जायचा, तळी साचायची, त्यात गोगलगायी राहायच्या, मग पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकायचा. त्या मधल्या गाळाचे दगड टाकळीला मिळाले. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानं तिथले जीवाश्म गोळा केले, आमच्याकडचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. बिचारा १८६३ साली टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात बुडून गेला.

त्यातला सगळ्यात प्रसिद्ध शंख फायसा प्रिन्सेपी. १८४० मध्ये त्याला हे नाव मिळालं, ते जेम्स प्रिन्सेपवरून. हो, ब्राह्मी लिपी वाचणारा तोच. म्हणजे लेण्यातले लेख वाचणाऱ्याचं नाव गोगलगायीला! तर नाशिकला असं काही नसेलच कशावरून?

---

दगडधोंडे · सोमवार, सकाळी ९:१०

कबूल, घाईत लिहिलं. पण दोन गोष्टी.

एक, तशी गाळाची तळी मुख्यतः लाव्हाच्या प्रदेशाच्या कडेकडेनं आहेत: नागपूर, छिंदवाडा, जबलपूर, तिकडे राजमहेंद्री, इकडे थेट मुंबईत. (मुंबईच्या थरांत तर छोट्या बेडकांचे सांगाडे मिळालेत.) आपण मधोमध बसलोय. आपल्याकडे दोन लाव्हांच्या मधे बहुतेक ठिकाणी दिसतो तो लाल मातीचा पट्टा. कसारा घाटातून जाताना डोंगर फोडलेल्या जागी बघा, भाजलेल्या विटेच्या रंगाची आडवी रेघ दिसते. त्यात शंख शोधणं म्हणजे वाळूत तेल शोधणं.

दोन, तिकडचे शंख बऱ्याचदा चकमकीसारख्या कठीण दगडात मुरलेले असतात. कवचाचा चुना जाऊन त्या जागी गारेचा अंश आलेला. बोटाला खडूची पूड लागणारा शंख तो नव्हे.

घरी करता येईल अशी परीक्षा: स्क्रूसारख्या शंखांपैकी एक फुटका घ्या (देवघरातला नको!) आणि त्यावर लिंबू पिळा, नाहीतर व्हिनेगर. बुडबुडे आले तर चुना शिल्लक आहे, नाही आले तर गारेचा झालेला. मोरीतलं ॲसिड वापरू नका, शंखही जाईल आणि बोटही.

---

झुळूक · सोमवार, दुपारी १:२०

मामींची बाजू घेणारं कुणी नाही का? शाळिग्राम म्हणजे अमोनाइटच ना, मग त्या काय चुकल्या?

---

दगडधोंडे · सोमवार, दुपारी २:०२

झुळूकताई, मुद्दा बरोबर. चक्राचा शाळिग्राम म्हणजे नेपाळातल्या काली गंडकीत मिळणारा अमोनाइट, काळ्या घट्ट गोट्यात बसलेला. पंचवटीत अनेक घरी पिढ्यान् पिढ्या आहेत, ते सगळे यात्रेकरूंबरोबर आले. गोदावरी तो देत नाही.

फरक ओळखायची खूण आकारात नाही, आत आहे. अमोनाइटच्या नळीत आडपडदे असतात, एकामागून एक कप्पे. प्राणी फक्त शेवटच्या कप्प्यात राहायचा. हे पडदे कवचाला जिथे टेकतात तिथे वळणावळणाची, नक्षीकाम केल्यासारखी रेघ उमटते. गोगलगायीची नळी सुरुवातीपासून तोंडापर्यंत एकच बोगदा, मधे भिंत नाही. तुमच्या शंखाचा एखादा फुटका भाऊबंद मिळाला तर आत पडदे दिसतात का बघा. नसतील तर गोगलगाय.

---

शंखपुष्पी · सोमवार, सायंकाळी ६:४४

शंखाचा विषय निघालाच आहे तर एक जुनी शंका. तो फायसा 'डावखुरा' असतो असं वाचलं. आमच्या देवघरात दक्षिणावर्ती शंख आहे. म्हणजे उजवा. हे दोन प्रकार एकमेकांच्या उलट का?

---

नागपुरी_संत्रा · सोमवार, रात्री ८:१५

उलट नाही हो, एकच. फक्त धरायची पद्धत उलट.

प्राणिशास्त्रवाले शंखाचं टोक वर आणि तोंड स्वतःकडे करून धरतात. तोंड उजवीकडे आलं तर उजवा, डावीकडे आलं तर डावा. बहुतेक सगळे शंख उजवे निघतात. फायसा डावा. आपण पूजेत मात्र शंखाची पन्हाळ वर करून बघतो. म्हणून शास्त्रज्ञांचा डावा शंख तोच आपला दक्षिणावर्ती. लाखात एखादा म्हणून त्याचं मोल. (बाजारात 'दक्षिणावर्ती' म्हणून बरेचदा अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक वेगळाच शंख खपवतात, तो जन्मजातच डावा असतो. तुमचा कुठला हे विचारत नाही, श्रद्धेचा प्रश्न.)

---

टवाळ_कार्टं · सोमवार, रात्री ८:२१

म्हणजे डावं-उजवं हे धरणाऱ्यावर अवलंबून. राजकारणासारखं.

---

खडीक्रशर · मंगळवार, सकाळी ६:३०

मी क्रशरवर काम करतो. आमच्याकडे आठवड्याला एक तरी माणूस 'जीवाश्म' घेऊन येतो, म्हणून लिहितोय. पांडवलेण्याच्या बाजूच्या खाणीत आणि सिन्नरकडे दगडाच्या पोकळ्यांत स्फटिक निघतात. पंख्यासारखे पसरलेले, मधून चहूकडे सुया फुटलेले. स्टिलबाइट, स्कोलेसाइट वगैरे. लोकांना तो शिंपला वाटतो, कुणाला समुद्री अर्चिन. दगडाच्या फटीत काळ्या रंगाची नेच्याची पानं दिसतात, ती पानं नाहीत, मँगनीजचा डाग झाडासारखा पसरतो. आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखे सोलत जाणारे गोल धोंडे म्हणजे डायनासोरची अंडी नाहीत, काळा दगड कुजतो तो असाच.

ज्यांना खरंच बघायचंय त्यांनी सिन्नरला गारगोटी म्युझियममध्ये एक चक्कर टाकावी, डोळा तयार होतो.

लिंबाच्या परीक्षेबद्दल: दगडाच्या पोकळीत कॅल्साइटही असतं, त्यालाही बुडबुडे येतात. नुसत्या बुडबुड्यांवर जाऊ नका.

तुमचा पंख्यासारखा तुकडा असाच स्फटिक असेल असं मला वाटतं.

---

अंडीवाला · मंगळवार, दुपारी ३:१०

खडीक्रशर भाऊ, स्फटिक नाही तो. पैज लावतो.

कादवाकाठ, दोन प्रश्न. मामांची द्राक्षबाग आहे का? आणि बागेत कोंबडखत टाकतात का?

---

कादवाकाठ · मंगळवार, सायंकाळी ७:५५

हो आणि हो. दर वर्षी छाटणीच्या आधी दोन ट्रॉल्या. तुम्हाला कसं कळलं?

---

अंडीवाला · मंगळवार, रात्री ९:०२

माझं अंड्यांच्या कोंबड्यांचं शेड आहे. अंड्याचं कवच मजबूत यावं म्हणून खाद्यात शिंपल्याचा चुरा घालतात. हा चुरा समुद्रातल्या शिंपल्यांचा, किनाऱ्यावरून पोत्यांनी येतो. सगळाच बारीक दळलेला नसतो, अंगठ्याएवढे तुकडेही येतात. कोंबड्या ते बाजूला सारतात, ते खाली पडतात, लिटरमधे (कोंबड्यांखालच्या भुशात) मिसळतात, खताबरोबर शेतात, शेतातून पावसाबरोबर ओहोळात. उभ्या जाड रेघांचा समुद्री शिंपला निफाडला मिळाला तर माझ्या धंद्याला विचारा, भूगर्भशास्त्राला नको.

तुकडा हातात घेऊन बघा. बाकीचे शंख खडूसारखे आणि हा मात्र चिनी मातीच्या बशीसारखा टणक, आत दगड झालेली माती नाही. बरोबर?

---

कादवाकाठ · मंगळवार, रात्री ९:२०

शंभर टक्के बरोबर. आत्ताच बघितला. दंडवत!

---

दगडधोंडे · मंगळवार, रात्री ९:४१

हे मला बापजन्मी सुचलं नसतं. मी मनातल्या मनात 'जुन्या वाड्याच्या चुन्यात आलेला समुद्री शिंपला' वगैरे गोष्ट रचत होतो.

म्हणून पुन्हा तेच टुमणं: थर, थर, थर. एकाच ढिगाऱ्यात मागच्या वर्षीचं कोंबडखत आणि हजारो वर्षांपूर्वीचा शंख शेजारी शेजारी पडलेत. ढिगारा काहीच सांगत नाही. रविवारी परत जाणार असाल तर टेप, खुरपं आणि वही न्या. पाऊस झालेला असेल तर दरडीच्या पायथ्याशी उभं राहू नका, अशा भिंती न सांगता बसतात.

---

पांढरीचा_पाटील · बुधवार, सकाळी ११:०५

माझीही एक सूचना. तिथे खापरं आहेत का ते बघा. आपल्या भागात नदीकाठची निम्मी टेकाडं म्हणजे जुन्या वस्त्यांची पांढर. नाशकात मातीच्या गढीवर पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केलं, तेव्हापासून ठाऊक आहे की गोदाकाठी लोक फार जुन्या काळापासून राहत आलेत. अशा वस्तीतले शिंपले म्हणजे कुणाच्या तरी जेवणाचा उष्टा कचरा. राखेची भुरकट माती, खापरं, जळलेली हाडं आणि शिंपले एकत्र असतील तर तो जीवाश्म नव्हे, ते स्वयंपाकघर. तसं असेल तर एक खापरही हलवू नका, पुरातत्त्ववाल्यांना कळवा.

---

कादवाकाठ · रविवार, रात्री १०:१८

मंडळी, जाऊन आलो. दिवसभर उन्हात होतो, आता पाय चेपत लिहितोय. सविस्तर लिहितो, कंटाळलात तर सोडून द्या.

दरडीची उंची टेपनं ३ मीटर १० सेंटिमीटर भरली. खुरप्यानं वरपासून खालपर्यंत हातभर रुंद पट्टा तासून साफ केला. मामा म्हणे, 'नोकरी सोडून दरड सारवायला लागला का?' पण साफ केल्यावर दिसायला लागलं ते सांगतो. तासायच्या आधी सगळी एकाच रंगाची वाटत होती.

वर साधारण ८० सेंटिमीटर काळी माती, मुळ्या, भेगा. त्यात तीन खापरं मिळाली, सगळी वरच्या हातभरात, शिवाय प्लास्टिकची दोरी आणि पंख्याच्या शिंपल्याचा आणखी एक तुकडा (अंडीवाले, नमस्कार). त्याखाली पिवळसर तपकिरी पोयटा, दीड मीटरच्या आसपास. त्यात चुनखडीचे खडे. वर शेंगदाण्याएवढे, खाली जाऊ तसे बटाट्याएवढे. बोटांसारखे वेडेवाकडे. मामा म्हणाला, यालाच जाळून पूर्वी घाणीत चुना मळायचे. राख नाही, खापर नाही, कोळसा नाही. पाटीलसाहेब, स्वयंपाकघर नाही.

शंख आहेत ते या पोयट्याच्या खालच्या भागात. वरून २ मीटर २० ला सुरू होतात आणि जेमतेम वीतभर जाडीचा पट्टा आहे. तिथली माती वेगळी, राखाडी आणि चिकट, नखानं दाबली तर खूण राहते. पट्टा दोन्ही बाजूंनी बारीक होत होत संपतो, दरडीत एखादी उथळ परात आडवी कापल्यासारखा. लांबी सहा पावलं. त्याखाली गोल गोट्यांची खडी, चुन्यानं एकमेकांना चिकटलेली, खुरपं लागल्यावर ठण् वाजते.

पट्ट्यातून मिळालं: चपटे चक्री शंख चार (एक फुटका), स्क्रूवाले तर मोजले नाहीत, एक-दोन पातळ कवचाचे फुगीर, मोठ्या तोंडाचे. आणि एक पूर्ण शिंपला, दोन्ही झडपा मिटलेल्या! बाहेर काढताना एक झडप माझ्या हातातच भुगा झाली. लेकीनं माझ्याकडे असं पाहिलं की बोलायची सोय नाही.

फुटक्या चक्री शंखाच्या आत पडदा नाही. एकच बोगदा, मातीनं भरलेला. लिंबाला बुडबुडे आले, शंखालाही आणि आतल्या मातीलाही.

आणखी एक केलं. ओहोळाच्या आजच्या पाण्यात, शेवाळात हात घातला. तिथे जिवंत स्क्रूवाले शंख आहेत! हिरवट तपकिरी, अंगावर लालसर तांबडे ठिपके. आकार हुबेहूब दरडीतल्यासारखा. वहीवर शेजारी शेजारी ठेवले: एक ओला, रंगीत, तोंडावर झाकण मिटून बसलेला, दुसरा पांढरा, ठिपके पुसलेले, पोटात दगड झालेली माती. लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'बाबा, म्हणजे हे इथनं गेलेच नाहीत.'

---

गुरांचा_डॉक्टर · सोमवार, सकाळी ८:२५

चक्री शंखाची ओळख मी देतो, कारण त्याच्याशी माझं जुनं वैर आहे.

इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस. डबक्यात, तळ्यात, भाताच्या खाचरात, जिथे पाणी थांबतं आणि पाणवनस्पती असते तिथे हा हमखास. दोन्ही बाजूंनी खोलगट, शेवटचा वेढा एकदम मोठा, दोन सेंटिमीटरच्या आसपास. वर्णन तंतोतंत जुळतं. रक्तातला परजीवी शिस्टोसोमा याच्या अंगात वाढतो, पाण्यात सुटतो आणि पाण्यात उतरलेल्या गुरांच्या कातडीतून आत शिरतो. त्याची एक जात बैलाच्या नाकात गाठी करते. रात्री गोठ्यात बैल घोरतो, माणसासारखा. मालक म्हणतो सर्दी झाली. सर्दी नसते.

स्क्रूवाला म्हणजे मेलॅनॉइडीस ट्युबरक्युलाटा. यांच्यात बहुतेक माद्याच असतात, नराशिवाय पिल्लं होतात. म्हणून एकदा शिरला की तो ओहोळ सोडत नाही. फुगीर, पातळ कवचाचा, मोठ्या तोंडाचा तो लिम्निया असावा. त्याचा आमच्या शेळ्या-मेंढ्यांच्या यकृतातल्या चपट्या कृमीशी संबंध आहे. मोठा शिंपला लॅमेलिडेन्स, तो गोदेत आजही आहे.

---

दगडधोंडे · सोमवार, दुपारी १२:४०

वा! कादवाकाठ, तुमची वही वाचून मला विद्यार्थी आठवले. चांगले विद्यार्थी.

आता थर वाचू. डॉक्टरांनी सांगितलेली मंडळी थांबलेल्या पाण्यातली. माती राखाडी, चिकट, बारीक. पट्टा परातीसारखा, दोन्हीकडे निमुळता. शिंपल्याच्या दोन्ही झडपा जुळलेल्या, म्हणजे मेल्यावर वाहत आलेला नाही. वाहत आला असता तर झडपा सुटून इकडे तिकडे झाल्या असत्या. हे सगळं मिळून एकच चित्र उभं राहतं: पुराचं पाणी ओसरल्यावर, किंवा नदीनं वाट बदलल्यावर मागे राहिलेलं एक डबकं. काही वर्षं त्यात शेवाळ, गोगलगायी, शिंपले. मग पुढचा पूर आला आणि पोयट्यानं डबकं बुजवलं. वर दोन मीटरहून जास्त गाळ साचला, त्यात पाणी झिरपत राहिलं, चुना खाली उतरून त्याचे खडे बनले आणि शंखांच्या पोटातही तोच चुना घट्ट झाला. खिळ्यानं न निघणारी माती ती हीच.

वय? बटाट्याएवढे चुनखडीचे खडे शंभर-दोनशे वर्षांत होत नाहीत. हजारो वर्षं हे नक्की. त्यापुढचा आकडा मी डोळ्यानं सांगणार नाही. कार्बन-१४ नं काढता येतो, पण शंखाच्या बाबतीत एक गोम आहे. गोगलगाय कवच बनवते ते पाण्यातल्या चुन्यातून, आणि पाण्यात जुन्या चुनखडीचा कार्बन विरघळलेला असेल तर शंख आहे त्यापेक्षा म्हातारा दिसतो.

हा गाळ म्हणजे काही सामान्य माती नव्हे बरं का. तुमचा ओहोळ कादवेला, कादवा गोदेला जिथे मिळते त्या नांदूर मध्यमेश्वरला आज आपण पक्षी बघायला जातो. तिथल्या जुन्या गाळात हत्तीचे जीवाश्म मिळाले, नर्मदेच्या खोऱ्यात मिळणाऱ्या नामशेष हत्तीच्या जातीचे. पिलग्रिम या भूवैज्ञानिकानं त्यावर १९०५ साली लिहिलंय. गंगापूरजवळ गंगावाडीला खडीच्या थरात सांकलियांना दगडी हत्यारं मिळाली. तेव्हा तळच्या चिकटलेल्या खडीवर नजर ठेवा. हाड दिसलं तर उकरू नका. फोटो, माप, आणि पुण्याला डेक्कन कॉलेजला कळवा.

---

काथ्याकूट · सोमवार, दुपारी ४:३३

सगळं छान, पण मूळ प्रश्नाचं उत्तर कुठे? जीवाश्म आहे की नाही? दहा हजार वर्षांच्या आतला असेल तर व्याख्येनं जीवाश्म नाही. आणि शंख दगड झालेला नाही, चुना तसाच आहे. मग उगाच मोठं नाव कशाला?

---

नागपुरी_संत्रा · सोमवार, सायंकाळी ५:१०

दगड व्हायलाच पाहिजे असा नियम नाही. बर्फात मिळालेला मॅमथ केसांसकट आहे, त्याला काय म्हणणार?

---

काथ्याकूट · सोमवार, सायंकाळी ५:२८

मॅमथ नामशेष आहे. ही गोगलगाय आत्ता डॉक्टरांच्या बैलाला त्रास देतेय.

---

दगडधोंडे · सोमवार, सायंकाळी ७:००

दहा हजारांची रेघ ही सोयीची रेघ आहे, काथ्याकूट. माती काही तिथे थांबून विचारत नाही. वय कळेपर्यंत 'अर्धजीवाश्म' म्हणा, माझी हरकत नाही. जात आजही जिवंत आहे म्हणून शंखाचं मोल कमी होत नाही, उलट वाढतं. नामशेष प्राणी कसा राहायचा ते तर्कानं ठरवावं लागतं, हा कसा राहतो ते ओहोळात हात घातला की कळतं. त्याच्या जोरावर तर आपण डबकं ओळखलं.

---

झुळूक · सोमवार, रात्री ९:१५

मामींचं काय झालं ते कुणी विचारतच नाही!

---

कादवाकाठ · मंगळवार, रात्री ९:४०

झुळूकताई, सांगतो. मामीला सगळं वाचून दाखवलं. बैलाच्या घोरण्यापर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'किती का हजार वर्षांचा असेना, घरात आलाय ना आपल्या पायानं?' तो देवघरातच राहणार. बाकीचे तीन लेकीच्या डबीत, कापसात. दगडधोंडेसाहेबांच्या सांगण्यावरून पट्ट्यातल्या उरलेल्या भागाला हात लावलेला नाही, वरून गोणपाट टाकून ठेवलंय.

डबीवर चिठ्ठी लेकीनं स्वतः लिहिलीय, तशीच देतो:

'गोगलगाय (इंडोप्लॅनॉर्बिस). खालचा ओहोळ, तालुका निफाड, जिल्हा नाशिक. डावी दरड. वरून २ मीटर २० सेंटिमीटर. राखाडी चिकट माती. सोबत स्क्रू शंख, शिंपला (एक झडप बाबांनी फोडली).'

---

टवाळ_कार्टं · मंगळवार, रात्री ९:४६

डावी म्हणजे कुठून धरून? वर तोंड करून की खाली? एकदा शंखात फसलोय.

---

कादवाकाठ · मंगळवार, रात्री ९:५८

पाणी जिकडे जातं तिकडे तोंड करून. लेकीला सांगितलं, ती चिठ्ठीत बाण काढतेय.